यंत्र बंद केल्यावर हात काय करतो?

पक्षाघातानंतर हात लुळा पडतो, तो हाताच्या स्नायूंना इजा झाली म्हणून नव्हे. इजा झालेली असते ती त्यांना आज्ञा देणाऱ्या मेंदूच्या भागाला. शेजारचे शाबूत भाग ते काम थोडेफार शिकू शकतात, पण त्यासाठी एकच हालचाल शेकडो वेळा करावी लागते. अमेरिका व कॅनडातील सात केंद्रांची पाहणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत उपचाराच्या एका बैठकीत हाताच्या उपयोगी हालचाली सरासरी ३२च भरल्या.

ही तूट न थकणारे यंत्र भरून काढील, असे वाटणे स्वाभाविक आहे. नेव्हिल होगन आणि हर्मानो इगो क्रेब्स यांच्या 'एमआयटी-मॅनस' रोबोमागे हाच विचार होता. रुग्णाने दांडा धरून पडद्यावरील ठिपक्यापर्यंत न्यायचा. हात कमी पडला की यंत्र हातभार लावते.

ब्रिटनमध्ये या यंत्राची ७७० रुग्णांवर चाचणी झाली. निष्कर्ष २०१९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. हाताच्या कार्यक्षमतेत ठरवलेली सुधारणा यंत्रगटात ४४ टक्के, तर नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत ४२ टक्के रुग्णांत दिसली. हा फरक नगण्यच म्हणायचा. यंत्रगटात सुट्या हालचाली सुधारल्या होत्या, पण त्या कामात उतरल्या नाहीत.

असे का व्हावे? माझ्या मते दोष मोटारीचा नाही, प्रश्नाच्या मांडणीचा आहे. ठिपका गाठताना वजन नसते, काही निसटत नाही, सांडत नाही. पाण्याचा पेला उचलताना मात्र बोटे आधी उघडावी लागतात, पकड बेताची ठेवावी लागते आणि तोलही सांभाळावा लागतो. यंत्राने जे शिकवले, तेच हात शिकला.

याउलट एडवर्ड टाउब यांची पद्धत पाहा. चांगल्या हाताला जाड मोजा घालायचा आणि दुबळ्या हाताकडून रोजची कामे करवून घ्यायची. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २२२ रुग्णांच्या चाचणीत दोन आठवड्यांच्या या उपचाराचा फायदा वर्षानंतरही टिकला. अर्थात मनगट व बोटे थोडी तरी हलत असतील तरच ही पद्धत चालते, शिवाय रोज कित्येक तास सराव लागतो. पूर्ण लुळ्या हाताला यंत्राचा आधार लागेलही.

म्हणूनच घरी वापरायचे उपकरण हे दवाखान्यातल्या यंत्राची छोटी आवृत्ती असू नये. घरात पेला, बटणे, दाराची कडी या खऱ्या वस्तू असतात. उपकरणाने त्यांच्याशी हाताची गाठ घालून द्यावी आणि हात सुधारेल तसतशी आपली मदत कमी करावी. ते एका हाताने चढवता आले पाहिजे. नाहीतर घरात दुसरे कोणी नसले की ते कपाटातच राहील.

विज्ञान प्रदर्शनात विद्यार्थी असे हातमोजे मांडतात. 'हे किती वेळा हलते?' असे आपण विचारतो. त्याऐवजी विचारावे, 'हे काढून ठेवल्यावर आजोबांना स्वतःच्या हाताने काय करता येईल?'