परभणीकराने कुठे जावे?

पु. ल. देशपांडे यांचा 'मुंबईकर, पुणेकर की नागपूरकर' हा लेख वाचला नाही किंवा ऐकला नाही, असा मराठी माणूस सापडणे कठीण. लेख उत्तम आहे, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर वाचक इथूनच पान उलटतील. पण परभणीत बसून तो वाचला की एक शंका येते. मराठी माणसापुढे पर्याय ठेवले तीन, आणि आम्ही तिन्हींत नाही! 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असे छातीठोकपणे सांगणाऱ्या गावाचे नाव प्रश्नपत्रिकेतच नसावे? पु. ल. जन्मले मुंबईत आणि २००० साली गेले ते पुण्यात. तेव्हा दोष त्यांचा नाही. प्रश्न मात्र अपुरा आहे.

शिवाय 'कोण व्हायचंय' हा जन्माचा प्रश्न झाला. तुम्हा-आम्हाला पडतो तो तीन दिवसांचा. शनिवार-रविवारला जोडून सोमवारची सुट्टी आली, आता जायचे कुठे? परभणीत याची उत्तरे दोनच : पुणे किंवा हैदराबाद.

आमच्या स्टेशनावर उभे राहिले की इतिहास रुळांवर दिसतो. निजामाच्या राज्यात पडलेली लाइन नीट सिकंदराबादेकडे जाते. पुण्याला जायचे तर परळी-लातूर-कुर्डुवाडी असा वळसा घ्या, नाहीतर मनमाड गाठून दौंडवरून उतरा. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि आमची राजधानी बदलली. रुळांना मात्र कोणी कळवलेच नाही. त्याआधी हायकोर्ट हैदराबादेत, मोठा साहेब हैदराबादेत, आणि १९१८ साली निघालेले, उर्दूतून शिकवणारे उस्मानिया विद्यापीठही तिथेच. आजोबांनी उर्दूतून अर्ज लिहिले, नातू हिंजवडीत इंग्रजीतून लिहितो. मधल्या पिढीने मराठीतून घरभाडे भरले.

आमच्या घरात सौ. पुण्याच्या बाजूने असते. तिचा मुख्य मुद्दा असा, की "अहो, तिथं आपली भाषा तरी आहे." इथेच मतभेद आहे. पुण्यात भाषा आहे खरी, पण ती तपासायला बसलेली! आपण सहज म्हणावे, "आत्ताच यायलोत," की समोरचा गृहस्थ चष्म्यावरून पाहतो आणि विचारतो, "मराठवाड्यातले का?" प्रश्न साधाच असतो, पण वहीवर लाल शाईचा शेरा पडल्यासारखे वाटते. उलट हैदराबादेत रिक्षावाल्याला पत्ता सांगावा तर तो मान हलवून म्हणतो, "नक्को साब." हा 'नक्को' कोण? आपलाच 'नको'! दख्खनी बोलीत तो शेकडो वर्षे सुखाने नांदतो आहे. 'ऐसाइच', 'वोइच' यांच्या शेपटीला लटकलेला 'च'सुद्धा आपलाच. म्हणजे पुण्यात आम्ही मराठी बोलतो आणि परके ठरतो. हैदराबादेत परक्याच्या तोंडून घरचा शब्द ऐकतो. पाट्यांचेही तसेच. हैदराबादच्या तेलुगू पाट्या वाचता येत नाहीत, हा तोटा. पुण्याच्या वाचता येतात, हाही तोटाच.

पाहण्यासारखे दोन्हीकडे आहे. एकीकडे १५९१ चा चारमिनार, दुसरीकडे १७३२ चा शनिवारवाडा. पैकी वाड्याचा महाल १८२८ च्या आगीत गेला, म्हणून तिथे आपण मुख्यतः दरवाजा पाहतो. पण दोन्ही गावांचा स्वभाव ओळखायचा असेल तर त्यांची संग्रहालये पाहावीत. सालारजंग म्हणजे दिवाणांच्या घराण्याची हौस. युरोपातून संगमरवरी बाई आणली, ती तोंडावर बुरखा घेतलेली, आणि बुरखाही संगमरवरीच! तिथल्या घड्याळातून तासातासाला एक चिमुकला माणूस बाहेर येऊन टोल देतो, आणि ते पाहायला शेकडो माणसे ताटकळत बसतात. पुण्याच्या दिनकर केळकरांचे चष्म्याचे दुकान होते. त्यांनी जुन्या वाड्यांतून अडकित्ते, दिवे, टाचा घासायच्या वज्र्या असला संसार गोळा केला आणि संग्रहालयाला लहानपणीच गेलेल्या मुलाचे, राजाचे, नाव दिले. सालारजंग पाहून माणूस थक्क होतो. केळकर संग्रहालय पाहून त्याला आजीच्या पानाचा डबा आठवतो. मला विचाराल तर इथे पुणे जिंकले.

तरीही माझे मत हैदराबादला. त्याचे कारण पुण्यात नाही, परभणीत आहे. आमच्या गल्लीत हल्ली दर घरटी एखादे पोर पुण्यात असते. पुण्याला जाणे म्हणजे ट्रॅव्हल्सच्या डिकीत ज्वारीचे पीठ, तुरीची डाळ आणि लोणच्याची बरणी घालून रात्रभर बरणीची काळजी करणे. तीन दिवसांत पाहून होतो तो लेकीचा दोन खोल्यांचा फ्लॅट, तिची गॅलरी आणि रविवारी दुपारी तिचा झोपलेला चेहरा. आजोबांना हैदराबाद असेच होते. तिथे ते अर्ज घेऊन जात, इराणी चहा प्यायला नव्हे. ज्या गावात आपले काही अडलेले असते, तिथे माणूस सहलीला जाऊच शकत नाही. आमचे अडलेले सगळे आता पुण्यात आहे. हैदराबाद मोकळे झाले.

पु. लं.चा प्रश्न आमच्या पोरांनी कधीच सोडवला : ती पुणेकर झाली. मागे राहिलेल्यांना कोणी व्हायचे नाही, फक्त जाऊन यायचे आहे. तेव्हा टीकाकार म्हणून माझा निकाल असा : सहलीला हैदराबादला जावे. पुण्याला तर जावेच, पण त्याला सहल म्हणू नये. निकाल सौ.ला वाचून दाखवला. ती म्हणाली, "छान लिहिलंय. शुक्रवारची पुण्याची दोन तिकिटं काढा."