एकच व्हेरिओग्राम, वर्षभर?

क्रिगिंगने काढलेला मातीच्या ओलाव्याचा नकाशा दिसायला देखणा असतो. माझ्या पहिल्या प्रोग्रेस रिपोर्टमध्ये असे दोन होते, एक सप्टेंबरचा आणि एक फेब्रुवारीचा. व्हेरिओग्राम मात्र दोन्हींना सप्टेंबरचाच. कोणीच विचारलं नाही.

मग वेस्टर्न, ब्लॉश्ल आणि ग्रेसन यांचा 'जर्नल ऑफ हायड्रोलॉजी'मधला १९९८चा पेपर वाचला. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात टारावारा नावाचं साडेदहा हेक्टरचं पाणलोट आहे. तिथे १९९५-९६मध्ये १३ वेळा, दर खेपेला सुमारे ५०० ठिकाणी, वरच्या ३० सेंटिमीटरमधली ओल मोजली. व्हेरिओग्राम म्हणजे दोन बिंदूंमधलं अंतर वाढतं तसा त्यांच्या ओलाव्यातला फरक किती वाढतो, त्याचा आलेख. ही वाढ किती अंतरावर मंदावते, त्याचं एक माप म्हणजे सहसंबंध-लांबी. टारावाऱ्याच्या ओल्या हिवाळ्यात ती ३५ ते ५० मीटर निघाली, कोरड्या उन्हाळ्यात ५० ते ६०. सिलचा फरक याहून मोठा: १५ ते २५ वरून ५ ते १५. कारण साधं आहे. ओल्या दिवसांत पाणी उतारावरून आडवं वाहून घळींत जमतं. कोरड्यात ते जागच्या जागी वर उडून जातं.

आता माझी चूक बघा. क्रिगिंगचा व्हेरियन्स फक्त व्हेरिओग्राम आणि बिंदूंची मांडणी यांवर ठरतो, मोजलेल्या आकड्यांवर नाही. बिंदू तेच, व्हेरिओग्राम तोच, म्हणून माझे दोन्ही त्रुटी-नकाशे हुबेहूब सारखे आले. आणि मी खूश होते, काम किती सुसंगत झालंय म्हणून!

पण हा पेपर वाचून नुसती सहसंबंध-लांबी उचलणंही चूकच. व्हेरिओग्राम बिंदूंच्या जोड्या बघतो. ओले पट्टे एकमेकांना जोडून ओढ्यापर्यंत पोचतात की मध्येच तुटतात, हे त्याला दिसत नाही. पूर येणार की नाही ते तर त्यावरही अवलंबून असतं. म्हणून हेच लेखक २००१मध्ये या जोडणीच्या प्रश्नाकडे पुन्हा वळले. माझ्या मते टारावाऱ्याचा खरा धडा तिथे आहे, आणि तोच कमी वाचला जातो.

शिवाय ५०० बिंदू आणायचे कुठून? वेबस्टर आणि ऑलिव्हर यांनी १९९२मध्येच निदान १०० मागितले होते. ५०च्या आत असतील तर त्यांच्या लेखी व्हेरिओग्रामला फारशी किंमत नाही.

फेब्रुवारीचा व्हेरिओग्राम आता वेगळा काढलाय. बिंदू ४८. आलेख दातेरी येतोय, आणि त्यावर कुठलं मॉडेल बसवायचं यावरून गाईडशी वाद चालू आहे.