मराठी प्रबंध आणि उसनी मोजपट्टी

मराठी प्रबंधाच्या अखेरच्या महिन्यांत संशोधकाचा वेळ विचारापेक्षा मांडणीवरच जातो, ही तक्रार जुनी आहे. मला ती निम्मीच पटते. डावा समास रुंद हवा, कारण तिथे बांधणी येते. पृष्ठक्रम आणि अनुक्रमणिका जुळायला हव्यात, कारण उद्या कोणीतरी तेच पान शोधणार आहे. अशा नियमांवर चिडण्यात अर्थ नाही. अडचण होते ती एमएलए, एपीए या अमेरिकी पद्धती मराठीला जशाच्या तशा लावल्या जातात तेव्हा.

ग्रंथनाम तिरप्या ठशात हवे, हा त्यांतला एक नियम. रोमन लिपीत तिरपा ठसा स्वतंत्रपणे घडवलेला असतो, त्याला काही शतकांची परंपरा आहे. देवनागरीत ती नाही; बहुतेक फाँटांत संगणक उभे अक्षर नुसते कलंडवतो. मराठी छपाईने ग्रंथनामासाठी एकेरी अवतरणचिन्ह केव्हाच आपलेसे केले आहे. ते चालवून घेतले तर बिघडते काय?

संदर्भसूचीचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे. ‘विशाखा’ कुसुमाग्रजांच्या नावावर, ‘नटसम्राट’ वि. वा. शिरवाडकरांच्या. मुखपृष्ठावरचे नाव प्रमाण मानले की एकच लेखक सूचीत दोन जागी विभागला जातो. दोन्हीकडे परस्परनोंद द्यावी, असे नियमपत्रकांत क्वचितच सांगितलेले असते. (ज्ञानेश्वर-तुकारामांची आडनावे शोधू नयेत, एवढे तारतम्य सुदैवाने टिकून आहे.) मराठी वर्णमालेत ‘ळ’ येतो ‘ह’नंतर, युनिकोडच्या तक्त्यात ‘ल’नंतर. त्यामुळे नुसत्या संकेतांकांनुसार लावलेल्या यादीत ‘काळे’ आधी आणि ‘काशीकर’ नंतर. वर्णमालेप्रमाणे नेमके उलट. आणि एकोणिसाव्या शतकातल्या पुस्तकावर शके १८०० छापलेले असेल, तर इसवी सन १८७८ की १८७९ हे महिना कळल्याशिवाय ठरत नाही. नमुना मात्र एकच वर्ष मागतो. जाणता संशोधक शके तसेच ठेवून पुढे दोन्ही सन देतो. ही नोंद नमुन्याबाहेरची असली तरी अधिक खरी असते.

जिथे खरोखर कडक नियम हवा, ती गोष्ट मात्र सुटून जाते: टंकलेखनाचा संकेत. यूजीसीच्या २००९च्या नियमांपासून पीएच.डी. प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणे आवश्यक झाले. अशा प्रती इन्फ्लिबनेटच्या ‘शोधगंगा’वर ठेवल्या जातात. पण जुन्या, बिगर-युनिकोड फाँटात टाइप केलेला प्रबंध पडद्यावर मराठी दिसतो, आतून नसतो. त्यातला परिच्छेद उचलून दुसरीकडे चिकटवला, की रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी हाती येते. ‘लावणी’ हा शब्द दोनशे वेळा आलेला प्रबंध ‘लावणी’ शोधणाऱ्याला सापडत नाही. म्हणजे पान शोधता यावे म्हणून केलेली सगळी शिस्त इथे फुकट जाते. नियमपत्रकात अक्षराचा आकार ठरवून दिलेला असतो, संकेताबद्दल एक ओळही नसते.

वाङ्मयचौर्य तपासणारी प्रणालीही हीच खिचडी वाचते. यूजीसीच्या २०१८च्या नियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. असा प्रबंध, त्यात काहीही उचललेले असो, ती मर्यादा सहज पाळू शकतो. मग साम्य जवळजवळ शून्य असल्याचे प्रमाणपत्र मिळते, आणि तेही दीड इंच समास सोडून प्रबंधासोबत बांधले जाते.