माइक देतो की देते?

स्टीफन मेरिट या समलिंगी गीतकाराच्या ‘द मॅग्नेटिक फील्ड्स’ या अमेरिकी बँडचा ‘६९ लव्ह साँग्ज’ हा तीन सीडींचा अल्बम १९९९ साली आला. तेव्हा अमेरिकेतल्या अनेक राज्यांत समलिंगी संबंध हा गुन्हा होता; ते कायदे सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली रद्द ठरवले. २०२४ साली बँडने हा अख्खा अल्बम दोन-दोन रात्रींच्या मैफलींत पुन्हा सादर केला. काळ बदलूनही समलिंगी रसिकांची त्यावरची माया का आटत नाही?

मला उत्तर ‘पापा वॉज अ रोडिओ’मध्ये सापडते. मेरिट खर्जात माइकला उद्देशून गातो. आपण दोन पुरुषांची गोष्ट गृहीत धरतो. अखेरीस शर्ली सिम्स ही गायिका सूर मिळवते, जणू माइकचेच उत्तर. मराठीत लिहिताना मी क्रियापदापाशी अडतो: माइक उत्तर देतो की देते? गाणे खुलासा करत नाही. उलट ‘व्हेन माय बॉय वॉक्स डाउन द स्ट्रीट’मध्ये पुरुषाचे पुरुषावरचे प्रेम उघड आहे, तिथेही खुलासा नाहीच.

सहानुभूती मागणारी कलाकृती अन्याय सरला की जुनी होते. हा अल्बम ती मागतच नाही. विरह, मत्सर, थट्टा यांवर आपला हक्क आहेच, असे धरून तो गातो.