श्रवण आणि स्पर्श

तालवाद्यांच्या रसिकांना एव्हलिन ग्लेनी हें नांव नवें नाहीं. स्कॉटलंडमधील ॲबर्डीनशायर परगण्यांत १९६५ सालीं जन्मलेल्या या बाईंची श्रवणशक्ति आठव्या वर्षापासून क्षीण होत गेली आणि बाराव्या वर्षापर्यंत त्यांना जवळजवळ पूर्ण बहिरेपण आलें. तरीहि तालवादनावरच आयुष्य काढावयाचें, हा हट्ट त्यांनीं सिद्धीस नेला. १९९३ सालीं त्यांनीं श्रवणाविषयीं जो छोटा निबंध लिहिला, त्याचा येथें विचार कर्तव्य आहे.

श्रवण हा स्पर्शाचाच एक विशेष प्रकार होय, हें त्यांचें मुख्य प्रतिपादन. ध्वनि म्हणजे कंपन. तें कान टिपतो तसें शरीरहि टिपतें. शाळेंत तालवाद्यशिक्षक रॉन फोर्ब्स टिंपनी नांवाच्या मोठ्या नगाऱ्यावर स्वर काढीत आणि ही मुलगी वर्गाच्या भिंतीला हात लावून उभी राही. हळूहळू तिला उमगलें कीं, खालचे स्वर पायांत उमटतात, चढे स्वर चेहरा, मान, छाती यांवर ठराविक जागीं. पुढें त्या अनवाणी वाजवूं लागल्या, त्याचें मर्म हेंच. हा भाग निबंधाचा प्राण आहे. त्यांत गहिंवर नाहीं. सुतारानें रंध्याला धार कशी लावावी हें सांगावें, तितक्या सरळपणें सारें सांगितलें आहे.

इटालियन भाषेंत ऐकणें व जाणवणें यांना एकच धातु चालतो, असा दाखला त्या देतात. आमची मराठी कानाची फार पक्षपाती! गोष्ट आमच्या कानावर पडते, कानीं येते, कानोकानीं जाते. पण गणपतीच्या मिरवणुकींतला ढोल जवळ आला म्हणजे प्रथम छातींत वाजतो, हें कोणास ठाऊक नाहीं?

निबंधाच्या दुसऱ्या प्रतिपादनाशीं मात्र आमचें पुरतें मतैक्य नाहीं. श्रोता केवळ ‘बहिरी बाई वाजविते कशी’ याच विचारांत राहिला तर आपण कलावंत म्हणून फसलों, असें त्या म्हणतात. म्हणून प्रसिद्धीसाठीं द्यावयाच्या माहितींत बहिरेपणाचा उल्लेखहि त्या तेव्हां करूं देत नसत. मागणी न्याय्य आहे, युक्तिवाद डळमळीत. ज्या उणिवेनें भिंतीपाशीं उभें राहण्याची शिस्त लाविली, ती वादनाला अगदींच गौण कशी? तसें मानलें तर त्यांचेंच पहिलें प्रतिपादन लंगडें पडतें.

परंतु ही विसंगति कोठून आली हें पाहिलें म्हणजे लेखणी अडखळते. लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्यें प्रवेश मागतांना, बहिऱ्या वादकाचें पुढें काय होणार हें सांगतां येत नाहीं म्हणून त्यांना प्रथम नकार मिळाला होता. २००३ सालच्या एका व्याख्यानांत ही हकीकत त्यांनीं सांगितली. वादनाचा कस सोडून तुम्ही मला नाकारीत असाल, तर ज्यांना घेतां त्यांना कोणत्या कसावर घेतां, असा त्यांचा उलट सवाल होता. परीक्षा दुसऱ्यांदा झाली व प्रवेश मिळाला. तेव्हां नकार देणारे आणि पुढें कौतुकानें टाळ्या पिटणारे, दोघेहि त्यांच्या कानांकडेच पाहत होते. ‘बहिरी असूनहि’ हे दोन शब्द परीक्षणांत आले कीं लय ढळली काय, रंग भरला काय, हें मग कोण विचारतो?

अशा मुलांविषयीं लिहितांना, देवानें एक हिरावून दुसरें दिलें, असें म्हणण्याची आमच्याकडे चाल आहे. या निबंधांत तसलें देणें आम्हांस कोठें आढळलें नाहीं. नगाऱ्याचे स्वर पुन्हा पुन्हा काढणारे फोर्ब्स मात्र आढळले. त्यांच्याविषयीं बाईंनीं फार थोडें लिहिलें आहे. आणखी वाचावयास आवडलें असतें.