फिरंग्यांचे गाणे

आमच्या डहाणू-तलासरीकडे 'फिरंगी' हा शब्द कोणी प्रेमाने उच्चारीत नाही. डहाणूवरचा त्यांचा अंमल मराठ्यांनी १७३९ साली उठवला खरा. पण तलासरीला लागून असलेली नगरहवेली १९५४ पर्यंत आणि पलीकडचे दमण १९६१ पर्यंत त्यांच्याच हाती होते. आजोबांच्या गोष्टींतून मला जो पोर्तुगीज भेटला, तो बंदूक घेऊन नाक्यावर उभा असलेला. हा माणूस गातही असेल, हे कधी मनातच आले नाही.

ते कळायला मला इंग्लंडात लेस्टरला जावे लागले. बहीण दमणच्या घरात दिलेली; तिकडच्या पुष्कळ कुटुंबांप्रमाणे ही मंडळीही पोर्तुगीज पासपोर्टावर तिथे स्थायिक झालेली. तिच्या आजारपणात शाळेतून बिनपगारी रजा काढून मी सहा महिने राहिलो. संध्याकाळी तिच्या सासूबाई, ज्यांना आम्ही सगळे 'बा' म्हणतो, तांदूळ निवडता निवडता जुन्या कॅसेटी लावीत. पहिले चार दिवस मला ते निव्वळ रडगाणे वाटले.

फादोला रडगाणे म्हणणे ही नवख्याची चूक. लिस्बनच्या गरीब वस्त्यांत, गुत्त्यांत एकोणिसाव्या शतकात वाढलेले हे गाणे. त्याची जुनी घडण आपल्या ओवी-साकीसारखी आहे. चाली ठरलेल्या, काहींचे कर्ते अज्ञात. मापात बसेल ते काव्य त्या चालीवर म्हणावे. मग कसब उरते ते म्हणणाऱ्याचे. बारा तारांची पोर्तुगीज गितारा आणि तिच्या जोडीची साधी गिटार आपल्या चालीने चालत असतात. गाणारी एखादे अक्षर मागे रेंगाळत ठेवते, पुढची दोन घाईने उरकते, आणि ओळीच्या शेवटी बरोबर त्यांना येऊन मिळते. बैठकीची लावणी ऐकलेल्याला यातली गंमत समजावून सांगायला नको. खरोखर रडणाऱ्याला एवढे भान राहत नाही.

कॅसेटीवरची गायिका आमालिया रॉद्रिगिश (१९२०–१९९९). १९६२ च्या तिच्या एका ध्वनिमुद्रिकेत आलँ उल्मन या संगीतकाराने जुन्या ठरीव चाली सोडून कवितांना नव्या चाली दिल्या. जुन्या रसिकांना त्या रुचल्या नाहीत, आणि त्यांचे अगदीच चुकले असे मला वाटत नाही. काही ठिकाणी चाल कवितेच्या पुढे धावते. पण त्यांतले 'आबांदोनु' हे गाणे लागले, तेव्हा बांनी सूप बाजूला ठेवले.

"मास्तर, हे त्यांच्याच सरकारने बंद केलं होतं," त्या म्हणाल्या.

पेनिशच्या समुद्रकाठच्या किल्ल्यात सालाझारचे सरकार आपल्याच देशातल्या विरोधकांना डांबून ठेवी. गाणे अशाच एका नेलेल्या माणसाला उद्देशून आहे. त्यात राज्यकर्त्यांना शिव्या नाहीत. फक्त अंतर आहे.

मला मोहन रानडे आठवले. गोव्यात मराठी शिकवणारे मास्तर. १९५५ साली पकडले गेले, पुढे पोर्तुगालला नेऊन लिस्बनजवळच्या काशियशच्या तुरुंगात ठेवले गेले, आणि गोवा मुक्त होऊन सात वर्षे उलटल्यावर, १९६९ च्या जानेवारीत सुटले. त्यांच्या सुटकेसाठी झटले ते सुधीर फडके. हेच फडके १९५४ साली नगरहवेलीच्या लढ्यात उतरले होते, आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या चालींतले गीतरामायण घराघरांत पोचले. आमचा संगीतकार ज्या सत्तेशी लढला, त्याच सत्तेने १९६६ साली उल्मनलाही अटक केली!

यावरून फादो म्हणजे बंडखोरांचे गाणे, असे कोणी समजू नये. त्याच सरकारने फादो देशोदेशी मिरवला. १९७४ च्या क्रांतीनंतर आमालियाला त्याबद्दल बोलही लावले गेले. एकच गळा दरबारात आणि तुरुंगाच्या भिंतीशी गाऊ शकतो, ही अडचण आपल्याकडेही अनोळखी नाही. मी तिचा निवाडा करीत नाही. मला ते गाणे मोठे वाटते.

आजोबा असते तर पहिल्या स्वरालाच त्यांनी यंत्र बंद करायला लावले असते. मी त्यांना आधी रानड्यांची गोष्ट सांगितली असती, मग कॅसेट लावली असती. आणि गाणे कोणत्या भाषेतले, हे त्यांनी विचारल्याशिवाय सांगितले नसते.