‘ऑटो होल्ड’ : एक रसग्रहण

मोटारीबरोबर मिळणाऱ्या पुस्तकाचं परीक्षण मराठीत कोणी लिहिल्याचं माझ्या पाहण्यात नाही. वास्तविक पानांच्या बाबतीत ते भल्याभल्या कादंबऱ्यांना मागे टाकतं, बांधणी मजबूत असते, आणि घरोघरी असून कोणी वाचलेलं नसतं. म्हणजे अभिजात वाङ्मयाची सगळी लक्षणं हजर! कंपनीचं नाव सांगत नाही. समीक्षकाने प्रकाशकाच्या वाटेला जाऊ नये. माझ्यापुढे त्यातलं एकच प्रकरण आहे : ‘ऑटो होल्ड’.

कथानक साधं आहे. ब्रेक दाबून गाडी पुरती थांबली की खुशाल पाय काढावा. ब्रेकच्या तेलातला दाब यंत्र तसाच कोंडून ठेवतं. ॲक्सिलरेटरला पाय लागला की तो सुटतो. ऑटोमॅटिक गाडीला ‘डी’मध्ये असताना, ब्रेक सोडताच आपण होऊन पुढे सरपटण्याची खोड असते. तिच्यावर हा उतारा. बाजीराव रस्त्यावर आप्पा बळवंत चौकापर्यंत मुंगीच्या पावलाने जाणाऱ्याच्या पोटरीला विचारा, ती या प्रकरणाला पैकीच्या पैकी गुण देईल.

पण निवेदनशैली! लेखक एका ओळीत गोष्ट सांगतो आणि चार ओळी धमकावतो. ‘इशारा’, ‘खबरदारी’, ‘टीप’ असे तीन सूर. आता शनिवार पेठेला काही पाट्यांचं वावडं नाही. पण आमची पाटी कशी, गुन्हा आणि शिक्षा एका दमात सांगून मोकळी! आणि १७३० साली पायाभरणी झालेल्या शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाला हत्ती थोपवायला जे अणकुचीदार खिळे ठोकलेत, त्यांच्यासोबत माहितीपुस्तिका दिली नव्हती. हत्तींना बरोबर कळत होतं.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. ‘हा हँडब्रेक नव्हे’, हे या प्रकरणातलं सगळ्यात मोलाचं वाक्य, आणि ते बारीक टाइपात! पट्टा काढला, दार उघडलं किंवा काही मिनिटं गेली, की बऱ्याच गाड्या कारभार इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेककडे सोपवतात. पण त्याचे नियम गाडीगणिक वेगळे. शेजारच्या पानावर ‘हिल होल्ड’ नावाचा चुलतभाऊ आहे, तो चढावर जेमतेम दोन सेकंद तग धरतो. दोघांची गल्लत व्हावी अशीच रचना. रमणबाग शाळा सुटली की पोरं थांबलेल्या गाड्यांच्या नाकासमोरून धावतात. ब्रेक माणसाने धरलाय की यंत्राने, हे विचारून नव्हे! तेव्हा पाय पेडलपाशीच असावा आणि उतरताना ‘पी’ टाकून पार्किंग ब्रेक लावावा, हे ठळक अक्षरांत पहिल्याच ओळीत यायला हवं होतं.

वाड्याच्या बोळात गाडी लावताना तर हे बटण बंदच करावं. तिथे इंचाइंचाने सरकायचं असतं, आणि दर थांब्याला गाडी स्वतःला जखडून घेते. सोडवायला ॲक्सिलरेटर द्यावा तर ती थेट भिंतीला भेटायला निघते. पुस्तकात यासाठी एक ओळ आहे. लेखकाने बोळ पाहिलेला नसावा.

प्रतीकयोजनेबद्दल मात्र मी माफ करणार नाही. ब्रेक धरला की माझ्या गाडीत हिरवा दिवा लागतो. सिग्नलला हिरवा म्हणजे निघा, इथे हिरवा म्हणजे थांबलोय! मागच्या रिक्षावाल्याला हा अर्थभेद समजावून सांगण्याइतका वेळ तो देत नाही.